सापाच्या पेटीतलं तापमान: आधी रिकामी पेटी, मग साप

आधी साप घरी येतो. मागून पेटी येते. कुणीतरी सांगतं म्हणून हीट मॅट, म्हणजे पेटीखाली ठेवायची तापणारी चटई, येते. साप जेवेनासा झाला किंवा त्याच्या पोटावर लाल चट्टा दिसला की मग थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाप्रमाणे हीटर आपोआप चालू-बंद किंवा कमी-जास्त करणारं यंत्र) आणला जातो, आणि थर्मामीटर तर शेवटपर्यंत येतच नाही. हा क्रम पूर्ण उलटा आहे, आणि पाळीव सापांच्या बऱ्याच तक्रारी त्यातूनच निघतात. न जेवणं, खाल्लेलं ओकणं, तुकड्या-तुकड्यांनी निघणारी कात, छातीत घरघर, यांतली कुठलीही तक्रार समोर आली की माझा पहिला प्रश्न एकच असतो: उबदार बाजूच्या जमिनीचं तापमान किती, आणि ते कशाने मोजलंत?

उत्तर येतं, "थर्मोस्टॅट ३२ वर लावलाय." पण थर्मोस्टॅटला फक्त त्याच्या प्रोबच्या, म्हणजे वायरीला जोडलेल्या तापमान मोजणाऱ्या तुकड्याच्या, टोकाशी काय चाललंय तेवढंच कळतं. साप जिथे अंग टेकून पडलाय तिथे ३२ आहेत, ३९ आहेत की २६, हे त्याला ठाऊक नसतं. हे एक वाक्य डोक्यात पक्कं बसलं तर पुढचा अर्धा लेख सोपा जाईल.

सगळे आकडे सेल्सियसमध्ये आहेत.

## पायरी १: तीन आकडे कागदावर लिहा

साप शरीरात पुरेशी ऊब तयार करू शकत नाही. तो जागा बदलून तापमान सांभाळतो: पोट भरलं की उबेत जातो, पचन झालं की सरकून गार बाजूला येतो. म्हणून पेटीला "योग्य तापमान" असं एकच नसतं, एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी असा उतार लागतो. आख्खी पेटी एकसारख्या ३० अंशांवर ठेवणं ही काळजी घेण्यासारखी वाटणारी चूक आहे, कारण सापाला गार होण्याची सोयच उरत नाही.

काहीही विकत घेण्याआधी आपल्या जातीसाठी तीन आकडे ठरवा: उबदार जागेचा पृष्ठभाग, थंड बाजूची हवा, आणि रात्रीची खालची मर्यादा.

- बॉल पायथन: उबदार पृष्ठभाग ३१ ते ३३, थंड बाजू २५ ते २७, रात्री २३ च्या खाली नाही.
- बोआ: जवळपास हेच आकडे.
- कॉर्न स्नेक, किंग स्नेक, मिल्क स्नेक: उबदार पृष्ठभाग ३० ते ३२, थंड बाजू २२ ते २५, रात्री २० पर्यंत चालतं.
- वेस्टर्न हॉगनोज: उबदार पृष्ठभाग ३२ ते ३४, थंड बाजू २२ ते २५, रात्री २० च्या आसपास.
- ग्रीन ट्री पायथन: उबदार फांदी ३० ते ३१, थंड बाजू २४ ते २६. इथे उतार आडवा असतो तसाच उभाही असतो, म्हणून वर, मध्ये आणि खाली अशा तीन उंचींवर मोजावं लागतं.

पृष्ठभाग आणि हवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमीन ३२ आणि तिच्या वरची हवा २४, असं एकाच जागी असू शकतं. कुठल्याही माहितीपत्रकात नुसतं "३२ अंश" लिहिलं असेल, तर ते जमिनीचं की हवेचं हे आधी शोधा.

> तपासा: पिल्लासाठीही हेच आकडे लागू आहेत. "लहान आहे, जरा जास्त ऊब देऊ" असं करू नका. लहान अंग लवकर तापतं आणि पाणीही लवकर गमावतं.

## पायरी २: पेटीआधी खोली मोजा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. हीटर फक्त तापमान वाढवू शकतो, उतरवू शकत नाही. थंड बाजू २५ हवी आणि खोलीच दुपारी ३० वर जात असेल, तर कितीही भारी थर्मोस्टॅट आणा, थंड बाजू मिळणार नाही. उलट रात्री खोली १६ वर येत असेल, तर एका छोट्या मॅटच्या जोरावर हवा गरम होणार नाही.

किमान आणि कमाल तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि पेटी जिथे ठेवायची नेमक्या त्याच जागी, त्याच उंचीवर तीन दिवस ठेवा. रोज दोन्ही आकडे लिहा. खिडकीतून ऊन येणारी भिंत, पंख्याचा किंवा एअर कंडिशनरचा झोत, बाहेरच्या दाराजवळचा कोपरा, तापणाऱ्या उपकरणाशेजारची जागा, ही ठिकाणं बाद. जमिनीलगत गारवा साचतो, म्हणून शक्य असेल तर पेटी टेबलाच्या उंचीवर ठेवा.

> सावधान: काचेच्या पेटीवर थेट ऊन कधीही पडू देऊ नका. बंद काचेत तापमान मिनिटांत चढतं आणि सापाला पळायला जागा नसते. "तेवढंच ऊन मिळेल" म्हणून पेटी खिडकीत ठेवणं जीवावर बेतू शकतं.

या तीन दिवसांच्या नोंदींवरून हीटरला किती अंश चढवायचे आहेत ते कळतं. रात्रीची खोली २४ असेल आणि जात कॉर्न स्नेक असेल, तर रात्री सगळं बंद ठेवलं तरी चालेल. हा हिशोब न करता चोवीस तास हीटर चालू ठेवणारे खूप आहेत.

## पायरी ३: पेटीच्या प्रकाराप्रमाणे हीटर निवडा

उलट करू नका, म्हणजे हीटर आधी घेऊन पेटीत तो कुठे बसेल ते शोधू नका.

प्लास्टिकची पेटी किंवा लहान काचेची पेटी: तळाखाली हीट मॅट चालते. ती तळाच्या सुमारे एक तृतीयांश भागाखाली असावी, फार तर ४० टक्के. मॅट जमीन तापवते, हवेला फारसं काही करत नाही. म्हणून गार खोलीत एकट्या मॅटवर विसंबलेल्या सापाचं पोट गरम आणि श्वासातली हवा थंड, अशी स्थिती होते. श्वसनाच्या त्रासाला ती मदतच करते. मॅट लावताना पेटीला छोटे पाय किंवा ठोकळे देऊन खाली काही मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. मॅट पेटी आणि टेबल यांच्यात दाबून बसली की उष्णता कोंडते.

जाळीचं झाकण असलेली मोठी काचेची पेटी: ऊब वरून द्या. दिवसा हॅलोजन दिवा उत्तम, कारण तो जमीन आणि सापाचं अंग दोन्ही उन्हासारखं तापवतो. रात्री ऊब लागत असेल तर सिरॅमिक हीटर लावा, कारण त्यातून प्रकाश येत नाही.

लाकडी पेटी: इथेही वरूनच, दिवा, सिरॅमिक हीटर किंवा छताला बसवायचं हीट पॅनेल. लाकूड उष्णता धरून ठेवतं, म्हणून लाकडी तळाखाली किंवा तळावर मॅट दाबून लावणं धोक्याचं आहे.

लाल आणि निळे "रात्रीचे दिवे" घेऊ नका. सापाला तो प्रकाश दिसतो आणि त्याची रात्र होतच नाही. आतून तापणारे खोटे दगडही नकोत. त्यांची ऊब एका ठिपक्यात एकवटते. आणि साप गरम पृष्ठभागावरून चटकन उठेलच याची खात्री नसते. ऊब हवी असली की तो चटका बसेपर्यंत तिथेच पडून राहू शकतो. सापाच्या पोटावरचे बरेच भाजलेले व्रण असेच होतात.

वॅट किती घ्यायचे? पूर्ण ताकद लावूनच जेमतेम ३२ गाठणारा हीटर थंडीत कमी पडतो. तिप्पट ताकदीचा घेतला, तर थर्मोस्टॅट बिघडण्याच्या दिवशी तो सापाला भाजून काढतो. मधला घ्या. तो बरोबर आहे की नाही हे पायरी ८ मधल्या चाचणीत कळेल, म्हणून बिल जपून ठेवा.

> सावधान: सिरॅमिक हीटर आणि हॅलोजन दिव्यासाठी चिनीमातीचा होल्डरच वापरा, प्लास्टिकचा वितळतो. हीटर पेटीच्या आत असेल तर त्याभोवती जाळीचं संरक्षक कवच हवंच. चालू सिरॅमिक हीटरचा पृष्ठभाग २०० अंशांच्या वर जातो, आणि साप छताजवळच्या कुठल्याही वस्तूला वेटोळं घालून बसतो.

## पायरी ४: हीटरला जुळणारा थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅटशिवाय कुठलाही हीटर लावायचा नाही. "कमी वॅटची मॅट आहे, काही होत नाही" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. थर्मोस्टॅटशिवाय सोडलेल्या मॅटवरची काच ४० च्या वर सहज जाऊ शकते.

प्रकार तीन आहेत. चालू-बंद करणारा साधा थर्मोस्टॅट मॅटसाठी पुरतो. त्यात तापमान दोन-तीन अंश वरखाली होतं, ते चालतं. पल्स थर्मोस्टॅट वीज तुकड्यांनी सोडतो आणि सिरॅमिक हीटर, पॅनेल व मॅट यांना स्थिर ठेवतो, पण दिव्याला लावला तर दिवा लुकलुकत राहतो. प्रकाश देणाऱ्या दिव्याला डिमिंग थर्मोस्टॅटच हवा, तो प्रकाश हळूहळू कमी-जास्त करतो. दिव्याला साधा चालू-बंद थर्मोस्टॅट लावला तर पेटीत दिवसभर उजेड-अंधाराचा खेळ चालतो, साप बिथरतो आणि दिवाही लवकर जातो.

थर्मोस्टॅटवर लिहिलेली वॅटची मर्यादा वाचा. एकाच थर्मोस्टॅटवर दोन पेट्या चालवू नका. प्रोब एकाच पेटीत असतो, दुसरी पेटी आंधळेपणाने तापत राहते.

## पायरी ५: प्रोब कुठे आणि कसा लावायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे घाई करू नका.

मॅट असेल तर प्रोब बाहेरून, मॅट आणि पेटीचा तळ यांच्या मध्ये, मॅटच्या मधोमध बसवा. तिथे साप तो हलवू शकत नाही, त्यावर लघवी करू शकत नाही आणि पाण्याचं भांडं कलंडलं तरी तो भिजत नाही. फक्त मधल्या काचेत किंवा प्लास्टिकमध्ये थोडी ऊब जाते, म्हणून आत ३२ हवे असतील तर थर्मोस्टॅट कदाचित ३५ वर लावावा लागेल. किती, ते तुमच्या पेटीत मोजूनच ठरेल. दुसऱ्याच्या पेटीतला आकडा उचलू नका.

मोजायचं कुठे? तळाचा (भुसा वगैरेचा) थर बाजूला सारून उघड्या काचेवर. साप थर उकरतो, खाली शिरतो आणि पोट काचेला लावून पडतो. वरच्या भुश्यावर ३१ दिसत असताना खालची काच ४० असेल, तर सापासाठी ४० हाच आकडा खरा. उघडी काच तुमच्या जातीच्या वरच्या मर्यादेच्या पुढे जाता कामा नये. त्यानंतरच थर पसरा, आणि मॅटच्या वर तो एक-दोन सेंटीमीटरच ठेवा. जाड थर ऊब वर येऊ देत नाही आणि खाली कोंडून ठेवतो. वर गार लागतं म्हणून माणूस थर्मोस्टॅट चढवतो, आणि खाली काच आणखी तापते. भाजण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे. उकरणाऱ्या जातीसाठी जाड थर हवाच असेल तर मॅट सोडा आणि ऊब वरून द्या.

ऊब वरून असेल तर प्रोब दिव्याखाली, साप जिथे अंग टाकून बसेल त्या जागी, त्याच्या पाठीच्या उंचीवर पक्का करा. दिव्याच्या अगदी जवळ टांगलेला प्रोब लवकर तापतो, हीटर लवकर बंद होतो आणि जमीन गारच राहते. प्रोब घसरून थंड बाजूला पडला तर उलटं होतं: तो सतत "अजून गार आहे" असं सांगत राहतो आणि हीटर पूर्ण ताकदीने जळत राहतो. माझ्याच एका पेटीत सापाने रात्रीत प्रोब ओढून पाण्याच्या भांड्यात नेला होता. सकाळी उबदार कोपऱ्यातला दगड हाताला चटका देत होता आणि साप दुसऱ्या टोकाच्या काचेला चिकटून बसला होता. पेटी लांब होती म्हणून तो वाचला. तेव्हापासून मी प्रोबची वायर तीन ठिकाणी बांधल्याशिवाय पेटी बंद करत नाही.

> सावधान: प्रोब बसवायला पेटीच्या आत चिकटपट्टी वापरू नका, कसलीच नाही. ती सुटते, खवल्यांना चिकटते आणि काढताना कातडी सोलवटते. वायरच्या क्लिपा किंवा केबल टाय वापरा. हॉट ग्लू वापरायचा तर तो पूर्ण सुकल्यावरच पेटी वापरात घ्या.

वायरी पेटीतून बाहेर आल्या की प्लगपर्यंत सरळ ताणू नका. प्लगच्या खाली त्यांचा एक झोळ राहू द्या, म्हणजे पाण्याचा ओघळ प्लगमध्ये न जाता झोळाच्या टोकाशी टपकून जाईल.

## पायरी ६: थर्मामीटर वेगळे ठेवा

प्रोब असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, एक उबदार लपणात (लपण म्हणजे सापाला आत शिरून लपायची झाकलेली जागा) आणि एक थंड लपणात. किमान-कमाल नोंद ठेवणारे असतील तर फार उत्तम, कारण पहाटे चारला काय झालं ते सकाळी वाचता येतं. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर किंवा रंग बदलणाऱ्या पट्ट्या नकोत. त्या काचेचं तापमान सांगतात, आणि तेही भरवशाचं नसतं.

पृष्ठभागासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो, म्हणजे बंदुकीसारखा धरायचा तो. तो वापरताना चार गोष्टी सांभाळा. काचेच्या बाहेरून आतलं मोजता येत नाही, तो काचेचंच तापमान सांगतो, म्हणून दार उघडून मोजा. चकचकीत धातूवर आकडा चुकतो. १० ते १५ सेंटीमीटरवरून मोजा, कारण अंतर वाढलं की तो मोठ्या वर्तुळाची सरासरी दाखवतो आणि लाल ठिपका हा फक्त नेमासाठी असतो. आणि तो ठिपका सापाच्या डोळ्यांवर पडू देऊ नका.

> तपासा: नवा डिजिटल थर्मामीटर बरोबर आहे का? पेला बर्फाच्या चुऱ्याने भरा, थोडं पाणी घाला, ढवळा, पाच मिनिटं थांबा आणि प्रोबचं टोक मध्यभागी धरा. टोक पाण्यात चालणारं असेल तरच हे करा. शून्याच्या एक अंश इकडेतिकडे दिसलं तर ठीक. तीन दिसलं तर परत करा.

## पायरी ७: आतली मांडणी

कमीत कमी दोन लपणं हवीत, एक पूर्ण उबदार बाजूला आणि एक पूर्ण थंड बाजूला. दोन्ही साधारण सारखी आणि सापाच्या अंगाला घट्ट बसणारी असावीत. लपण एकच असेल तर साप सुरक्षित वाटण्यासाठी तिथेच राहतो, मग तिथलं तापमान त्याला सोसवो न सोसवो. "माझा साप उबेत जातच नाही" या तक्रारीचं उत्तर कित्येकदा हीटरमध्ये नसून लपणात असतं.

पाण्याचं भांडं थंड बाजूला ठेवा. ते उबदार बाजूला ठेवलं तर पाणी भराभर उडतं, आणि बंदिस्त पेटीत ओल साचून बुरशी धरते.

आता आर्द्रता. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, म्हणून नवा दिवा लावलात की आर्द्रता पुन्हा मोजा. बॉल पायथनला साधारण ६० टक्के लागते, कॉर्न स्नेकला ४० ते ५० पुरते. जाळीच्या झाकणातून ऊब आणि ओल दोन्ही निसटतात. झाकणाचा हीटरपासून लांबचा भाग झाकून बघा. हीटरच्या आसपासची जाळी मात्र मोकळीच राहू द्या.

पेटी फार लहान असेल तर यातलं काहीच जमत नाही. ६० सेंटीमीटरपेक्षा आखूड पेटीत दोन टोकांमध्ये सहा-सात अंशांचा फरक टिकवणं फार कठीण जातं.

## पायरी ८: रिकामी पेटी चालवा

साप अजून आत नाही. सगळं जोडा, लपणं, पाणी, तळाचा थर, सगळं नेहमीसारखं ठेवा आणि किमान ४८ तास चालवा. शक्य असेल तर आठवडाभर.

१. पहिले चार-पाच तास काहीही बदलू नका. दगड, लाकूड आणि थर तापायला वेळ लागतो. अर्ध्या तासाने आकडा कमी दिसला म्हणून थर्मोस्टॅट चढवणं, आणि तासाभराने जास्त दिसला म्हणून उतरवणं, यात दोन दिवस निघून जातात आणि हाती काहीच लागत नाही.

२. मग तीन जागा मोजा: उबदार पृष्ठभाग, उबदार लपणाच्या आतली हवा, थंड लपणाच्या आतली हवा. सकाळी, दुपारी, झोपताना, आणि एकदा पहाटे.

३. चुकत असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा तीन तास थांबा. उबदार बाजू बरोबर पण थंड बाजूही गरम असेल, तर थर्मोस्टॅटला हात लावू नका. हीटर आणखी टोकाला सरकवा, थंड बाजूचं वायुवीजन वाढवा, किंवा खोली गार करा.

४. आता बिघाडाची चाचणी. थर्मोस्टॅट चालू अवस्थेत अडकला तर काय होईल? हीटर थर्मोस्टॅटशिवाय थेट जोडा आणि समोरच बसून दर दहा मिनिटांनी पृष्ठभाग मोजा. ४५ च्या पुढे चढू लागला की लगेच बंद करा. याचा अर्थ हीटर जास्त ताकदीचा आहे. कमी वॅटचा घ्या किंवा दिवा उंच न्या. ही चाचणी चालू असताना खोलीबाहेर जाऊ नका.

५. रात्रीचं वेळापत्रक लावा. साधारण १२ तास उजेड, १२ तास पूर्ण अंधार.

> तपासा: सलग दोन दिवस तिन्ही आकडे मर्यादेत राहिले का? नाही, तर साप अजून आणायचा नाही. आधीच घरात असेल तर त्याला लपण आणि पाणी ठेवलेल्या, झाकण घट्ट बसणाऱ्या, हवेला भोकं असलेल्या तात्पुरत्या डब्यात ऊबदार खोलीत ठेवा.

## पायरी ९: साप आत सोडल्यावर त्याच्याकडे बघा

पहिले पाच ते सात दिवस हाताळू नका, खाऊ घालू नका, फक्त बघा आणि लिहा.

तो कायम गार टोकाला काचेशी दाबून बसत असेल, तर उबदार बाजू जास्त तापली असण्याची शक्यता आहे. पुन्हा उघड्या काचेवर मोजा. तो उबदार लपण सोडतच नसेल, तर थंड बाजू फार गार असेल. मात्र खाल्ल्यावर आणि अंडी किंवा पिल्लं पोटात असलेल्या मादीने उबेत राहणं स्वाभाविक आहे. तासन्‌तास पाण्यात पडून राहणं हे अति उष्णतेचं लक्षण असू शकतं, गोचिडांसारख्या बारीक किड्यांचंही असू शकतं, किंवा तो कात टाकायच्या बेतात असेल. आधी तापमान मोजा, मग खवल्यांच्या कडा आणि पाण्याचा तळ बघा, काळे ठिपके दिसतात का ते. नाक काचेवर घासत सतत फिरणं म्हणजे त्याला पेटीत कुठेच बरं वाटत नाहीये.

भक्ष्य देण्याआधी दरवेळी उबदार पृष्ठभाग मोजा. गार पेटीत खाल्लेलं पचत नाही, पोटातच सडू लागतं, आणि दोन-तीन दिवसांत साप ते ओकून टाकतो. तसं झालं तर लगेच पुन्हा खाऊ घालण्याचा मोह आवरा. तापमान दुरुस्त करा, दहा ते चौदा दिवस थांबा, मग नेहमीपेक्षा लहान भक्ष्य द्या. पुन्हा ओकला तर पशुवैद्याकडे जा. खाल्ल्यानंतर ४८ तास त्याला उचलू नका. त्याला तेव्हा उबेत पडून राहायचं असतं.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर थर्मोस्टॅटशी खेळत बसू नका, सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याला दाखवा: श्वासाला घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज, नाकातोंडाशी बुडबुडे, तोंड उघडं ठेवून श्वास, पोटाच्या खवल्यांवर गुलाबी-तपकिरी डाग किंवा फोड. भाजलं असेल तर हीटर बंद करा, खालचा थर काढून साधा स्वच्छ कागद अंथरा, आणि घरातलं कुठलंही मलम लावू नका.

## पायरी १०: ऋतू बदलतात, वीज जाते

रोज दोन आकडे बघा, दहा सेकंद लागतात. आठवड्यातून एकदा प्रोब जागेवर आहे का आणि वायर कुठे सोलली आहे का ते पाहा. ऋतू पालटला की पायरी २ आणि ८ पुन्हा करा. गारठ्यात नीट बसवलेली पेटी उन्हाळ्यात तशीच बरोबर राहील असं गृहीत धरू नका.

उन्हाळ्यात खोली ३० च्या पुढे गेली की दिवसाचा हीटर बंद करायला घाबरू नका. पेटी घरातल्या सर्वांत गार खोलीत, खालच्या मजल्यावर हलवा. गोठवलेली पाण्याची बाटली कापडात गुंडाळून थंड बाजूच्या झाकणावर ठेवा. आत, सापाच्या अंगाजवळ ठेवू नका. पंखा खोलीत फिरू द्या, पेटीवर रोखू नका. अंग ३८ ते ४० च्या घरात गेलं की सापाच्या जीवाला धोका असतो, आणि तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही. साप वळवळत, तोंड उघडून, तोल जात असलेला आढळला तर त्याला गार खोलीत आणा, उथळ कोमट पाण्यात ठेवा आणि डोकं पाण्याच्या वर आहे याची खात्री करत पशुवैद्याला फोन करा. बर्फाचं पाणी वापरू नका, तो धक्का वेगळाच.

थंडीत वीज गेली तर घाबरण्याचं कारण नाही. काही तासांचा गारवा निरोगी साप सोसतो, तेवढीच उष्णता तो सोसत नाही. वीज गेली की दिवा आणि सिरॅमिक हीटरची बटणं आधी बंद करा, मग हवेची भोकं मोकळी ठेवून पेटीवर घोंगडी टाका, म्हणजे आतली ऊब टिकेल. जास्त वेळ लागणार असेल तर कोमट पाण्याच्या बाटल्या टॉवेलमध्ये गुंडाळून पेटीच्या बाहेरून, एका बाजूला लावा आणि दर तासाने बदला. त्या दिवशी खाऊ घालू नका. आदल्या दिवशी घातलं असेल तर पेटी सगळ्यात आधी उबदार ठेवायची ती हीच. गारठलेल्या सापाला एकदम तापवू नका, दोन-तीन तासांत हळूहळू वर आणा.

वीज परत आली की घोंगडी आधी काढा, मग हीटर लावा. उलटं केलं तर तापलेल्या दिव्यावर कापड राहतं. आणि थर्मोस्टॅटच्या पडद्याकडे नीट बघा: काही डिजिटल थर्मोस्टॅट वीज गेल्यावर तुम्ही लावलेला आकडा विसरतात आणि कारखान्यात भरलेल्या आकड्यावर परत जातात. आकडा तुमचाच आहे याची खात्री करा, अर्ध्या तासाने उबदार पृष्ठभाग एकदा मोजा, आणि सापाला उबदार बाजूला परत जायचं असेल तेव्हा जाऊ द्या.